चूक सांगणाऱ्याचा चहा

भामरे मॅडमच्या घरात दोन दारं एका वेळी कधी उघडी नसायची. बाहेरचं दार लागल्याचा आवाज झाल्याशिवाय त्या स्वयंपाकघराच्या कडीला हात लावत नसत. एकदा गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन आला. मॅडम आतलं दार उघडेनात, आणि खांद्यावरच्या ओझ्यामुळे त्याला मागे वळून बाहेरचं लावता येईना. माझा ब्लॉक समोरच असल्यामुळे हा तमाशा मी दारात उभा राहून बघत होतो. शेवटी तो बिचारा कळवळून ओरडला, "बेन, गॅस छे, वाघ नथी!" मॅडमना इतकं हसू आलं की त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. पण बसल्या त्या बसल्याच. मी पुढे होऊन बाहेरचं दार ओढून घेतलं, तेव्हा कुठे त्यांनी उठून आतलं उघडलं.

ही खोड त्यांना नोकरीने लावली होती. सुरतेत बमरोलीच्या अंगाला एक संशोधन संस्था आहे, तिच्या मागच्या इमारतीत औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या जंतूंवर काम चालायचं. मॅडम तिथल्या सुरक्षा अधिकारी होत्या. जंतूंचा अभ्यास करणारे दुसरे होते. जंतूंनी इमारतीबाहेर पाऊल टाकू नये हे बघणं मॅडमचं काम. इमारतीच्या मागे कंपाउंडची भिंत, आणि भिंतीला लागून कापडाच्या लूमवर काम करणाऱ्यांची गल्ली. एका खोलीला चिकटून दुसरी खोली, बहुतेक माणसं धुळे-जळगावकडची. मॅडमही त्याच गल्लीत वाढलेल्या. वडील लूमवर होते. तिथून शिकत शिकत त्या डॉक्टरेटपर्यंत गेल्या आणि भिंतीच्या या बाजूला आल्या. लग्न केलं नाही. कोणी फार खोदून विचारलं तर म्हणायच्या, "आत-बाहेर करायचे नियम पाळणारा मिळाला नाही."

माझा या सगळ्याशी काय संबंध? काहीच नाही, आणि म्हणूनच तर मी त्यात ओढला गेलो. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. मला जंतू माहीत ते टीव्हीवर साबणाच्या जाहिरातीत दात विचकतात तेवढेच. पण संस्थेच्या सुरक्षा समितीवर एक बाहेरचा सदस्य लागतो, आसपासच्या लोकांच्या वतीने बसणारा. आधीच्या सदस्यांनी दोन-तीन सभांना समोसे खाऊन सह्या केल्या होत्या आणि नंतर यायचंही सोडलं होतं. मॅडम एके दिवशी माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "सबनीसकाका, तुम्ही सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरून सेक्रेटरीला रडवलं होतंत. तसाच माणूस हवाय मला."

पहिल्याच सभेत मी विचारलं, की एवढी दारं लावता, पण हवेला दार कसं लावणार? सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. सभा संपल्यावर त्यांनी मला मागच्या इमारतीत नेलं, प्रयोगशाळेच्या अगदी बाहेरच्या दाराशी. पर्समधून उदबत्ती काढली, पेटवली आणि दाराच्या खालच्या फटीशी धरली. धूर क्षणभर वर उठला आणि मग कोणी ओढून घ्यावा तसा सुळकन आत गेला.

"आतली हवा पंखे सतत ओढून, गाळून बाहेर टाकतात. त्यामुळे दाराशी हवा कायम बाहेरून आत जाते. आतून बाहेर कधीच नाही," त्या म्हणाल्या. "मीटर आहेत, घंटा आहे, सगळं आहे. पण मी रोज सकाळी हे करते. धूर आत जातोय तोवर मागच्या गल्लीतल्या लेकरांनी खुशाल झोपावं."

मी म्हटलं, "म्हणजे धोका नाही तर?"

"फारच कमी आहे. फारच कमी आणि अजिबात नाही, यात फरक असतो काका. त्या फरकाचाच मला पगार मिळतो."

हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पुढे इतक्या वेळा ऐकलं की घरी बायकोने आमटीत मीठ जास्त नाही ना विचारल्यावर मीही "फारच कमी" म्हणायला लागलो. त्याचे परिणाम वेगळे झाले.

पण त्या इमारतीत मॅडमचं नाव होतं ते त्यांच्या चहामुळे. त्यांच्या ऑफिसात, प्रयोगशाळेपासून चांगलं लांब, एक छोटी शेगडी होती. तिथला कायदा असा, की ज्याच्या हातून चूक झाली आणि जो ती आपण होऊन सांगेल, त्याला मॅडम स्वतःच्या हाताने चहा करून देणार. सुरती पद्धतीचा, पुदिना आणि गवती चहा घातलेला, दूध सढळ. रागवायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. आधी चहा, मग काय झालं ते सविस्तर, मग पुढे तसं होऊ नये म्हणून काय करायचं ते. निलेश नावाचा एक चाळिशीचा तंत्रज्ञ होता, मूळचा दोंडाईच्याचा. एकदा आत काम करताना त्याचा हातमोजा फाटला. कोणी बघितलं नव्हतं. तो गप्प बसला असता तर कोणाला कळलं नसतं. बाहेर येऊन सगळी धुवाधुवी उरकून तो सरळ मॅडमच्या दारात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, चहा टाका."

त्या दिवशी मॅडम घरी आल्या त्या इतक्या खुशीत, की त्यांना बढती मिळाली असं मला वाटलं. मी म्हटलं, "अहो, मोजा फाटला आणि तुम्ही पेढे वाटायच्या बेतात?"

"मोजे फाटतातच काका. आज तो सांगायला आला!"

संचालकसाहेब मात्र या चहाची टर उडवायचे. माणूस वाईट नव्हता, हुशार होता, संस्था नावारूपाला आणायची हे एकच वेड. "आपडे तो इनाम आपीए छीए भूलनुं," म्हणायचे. आपण तर चुकीचं बक्षीस देतो. त्यांनी स्वतः तो चहा कधीच प्यायला नाही. त्यांच्या हातून चुका होत नसाव्यात.

गल्लीत सुमनमावशी होत्या. मॅडमच्या वडिलांच्या लूमवरच्या जोडीदाराची बायको, आता विधवा, मुलगा-सून आणि तान्ह्या नातवासोबत राहणाऱ्या. मॅडमची आई गेल्यापासून मावशीच माहेर. रविवारी मॅडम तिथे जेवायला जायच्या, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत खायला. मावशींकडे एक स्टीलचा पेला होता, त्यावर मॅडमच्या वडिलांचं नाव कोरलेलं. जुन्या शेजारात इकडची भांडी तिकडे राहून जातात तसा तो राहिलेला. मॅडमना चहा त्याच पेल्यात मिळायचा. एकदा मीही सोबत गेलो होतो. मी तो पेला उचलणार, तोच मावशींनी माझ्या हातातून काढून घेतला. "तो मन्ही पोरना शे," माझ्या पोरीचा आहे, म्हणाल्या, आणि मला कप दिला.

त्या रविवारी परतताना मॅडमनी मला प्लेगच्या वर्षाची, चौऱ्याण्णवची गोष्ट सांगितली. सुरतेत राहणाऱ्या माझ्या वयाच्या माणसाला ते वर्ष सांगावं लागत नाही. स्टेशनावर माणसांचे लोंढे, बंद दुकानं, तोंडाला बांधलेले रुमाल. मॅडम तेव्हा कॉलेजात होत्या. "गल्लीत कोणीही आलं नाही काका. काय झालंय, कोणाला झालंय, काय करायचं, एक माणूस सांगायला आला नाही. नुसत्या बातम्या उडत होत्या. पाण्यात विष आहे म्हणे, उद्यापासून शहराबाहेर सोडणार नाहीत म्हणे. संध्याकाळी एक टेम्पो धुळ्याला निघाला. बसायला जागा मिळेना. आजीला चालता येत नव्हतं. वडिलांनी तिच्या उशाशी पाण्याचा हंडा आणि भाकरी ठेवल्या, बाहेरून कडी लावून कुलूप घातलं, आणि आम्ही गेलो."

मी विचारलं, "आणि आजी?"

"परत आलो तेव्हा आजी जिवंत होती. शेजारच्या एका मुसलमान बाईने खिडकीतून तिला जेवू घातलं होतं. पण वडिलांशी ती मरेपर्यंत बोलली नाही. वडील वाईट नव्हते हो. त्यांना कोणी नीट सांगितलं असतं ना, तर त्यांनी तसं केलं नसतं."

मला वाटतं, मॅडमची सगळी नोकरी त्या कडी लावलेल्या दारापासून सुरू झाली होती.

आता त्या दसऱ्याबद्दल. दसऱ्याला आपल्याकडे ज्याचं पोट ज्या यंत्रावर त्या यंत्राची पूजा होते. गल्लीत लूमची व्हायची, रिक्षावाल्याच्या रिक्षेची व्हायची, तशी प्रयोगशाळेचीही व्हायची. दरवर्षी काम बंद ठेवून, सगळं निर्जंतुक करून, सर्वांत बाहेरच्या दाराला झेंडूचं तोरण लावायचे. त्या वर्षी निलेश म्हणाला, "मॅडम, राखण करतंय आतलं दार, आणि हार दरसाल बाहेरच्याला?" सगळ्यांनी उचलून धरलं. आत सगळं स्वच्छ आहे, काम उद्या सुरू होणार, हे मॅडमनी स्वतः तपासलं होतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आपल्या माणसांच्या मायेपोटी दोन्ही दारं एका वेळी उघडली. आरती सुरू झाली आणि दारं उघडी असल्यामुळे धोक्याची घंटाही सुरू झाली. मॅडमनीच हसत जाऊन तिचं बटण बंद केलं. संध्याकाळी तोरणही त्यांनी स्वतःच्या हाताने उतरवलं. मात्र एका झेंडूचा देठ आणि वीतभर दोरा आतल्या दाराच्या वरच्या रबरात अडकून बारीक फट राहिली, आणि घंटेचं बटण बंदच राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत काम सुरू असताना वीज गेली. जनरेटरने वेळ लावला. पंखे थांबले. आतले दिवे बॅटरीवर असल्यामुळे आतल्यांना काही कळलं नाही, आणि घंटा वाजायची ती वाजली नाही. नेमक्या त्याच वेळी मॅडम रोजच्याप्रमाणे उदबत्ती घेऊन बाहेरच्या दाराशी वाकल्या होत्या. धूर आत गेला नाही. तो त्यांच्या तोंडावर आला.

आतल्या माणसांना त्यांनी नियमाप्रमाणे बाहेर काढलं, सगळं बंद केलं, शोधून शोधून तो देठ काढला. आणि तातडीची सभा बोलावली. मीही गेलो. मॅडम उभ्या राहिल्या आणि शाळेत करतात तसा त्यांनी हात वर केला. "चूक माझी आहे," म्हणाल्या, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. निलेशचं नावसुद्धा घेतलं नाही. मग म्हणाल्या, "आतल्यांच्या तपासण्या सुरू केल्यात. आता मागच्या गल्लीला सांगायला हवं."

संचालक म्हणाले, "बेन, कशुं थयुं नथी. गाममां ढोल शुं काम वगाडवो?" काही झालेलं नाही, मग गावभर ढोल कशाला वाजवायचा?

"काही झालं नसण्याचीच शक्यता जास्त आहे साहेब. पण झालंच नाही असं मला म्हणता येत नाही."

"लोको भागशे. पाछो प्लेग याद आवशे." लोक पळतील, प्लेग आठवेल त्यांना. यात तो माणूस खोटं बोलत नव्हता. मी मॅडमच्या बाजूने बोललो, जोरात बोललो, सोसायटीच्या टाकीवर बोललो होतो त्याहून जोरात. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. तेवढ्यात कॅन्टीनचा माणूस ट्रे घेऊन दारात आला. संचालकांनी त्याला हातानेच परत जायला सांगितलं. चूक सांगणाऱ्याला चहा न मिळाल्याचा त्या इमारतीतला तो पहिला दिवस.

त्याच दुपारी मॅडम गल्लीत गेल्या. मारुतीच्या देवळासमोरच्या ओट्यावर चढल्या. मी खाली उभा होतो. घरच्या अहिराणीत बोलल्या. "मी सांगस ते नीट ऐकी ल्या. चूक मन्ही शे, दुसरा कोणीच नही." मग तोरण, वीज, हवा, सगळं त्यांनी सोपं करून सांगितलं. खोकला राहिला, ताप राहिला तर काय करायचं, तपासणी कुठे फुकट होईल, घाबरून पळायची गरज का नाही.

एका म्हाताऱ्याने विचारलं, "मंग आम्हनी हवामा गये का ते?"

"गये नसावं, बाबा. पन नहीच गये, असं मी छातीवर हात ठेईसन सांगू शकत नही."

तेवढं एक वाक्य त्या गिळू शकल्या असत्या. कोणी त्यांना दोष दिला नसता. गर्दीतून एकदम कालवा उठला. मावशी नातवाला छातीशी धरून पुढे आल्या आणि मॅडमकडे अशा बघत राहिल्या की मला मान फिरवावीशी वाटली. "पोरी, तू सांगं नसतं तं आम्हले झोप तरी लागती," म्हणाल्या, आणि घरात जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या कितीतरी खोल्यांना कुलपं होती. टेम्पो, रिक्षा, जे मिळालं त्यातून माणसं गावाकडे गेली होती. मॅडम एका टोकाने सुरुवात करून प्रत्येक कुलूपबंद दारावर थाप मारत होत्या आणि कान लावून विचारत होत्या, "आत कोणी शे का?" राहिलेल्या बायका आपापल्या दारातून बघत होत्या. एक घरमालक त्यांच्या मागे मागे शिव्या देत चालला होता. मॅडमचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. गल्लीच्या शेवटी पोचल्यावर त्या पायरीवर बसल्या आणि पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "कोणी नाही काका. सगळे आपापल्या म्हाताऱ्यांना बरोबर घेऊन गेलेत. या वेळी कोणी टाकून गेलं नाही." आणि त्या रडायला लागल्या. त्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पळाले त्यांच्याहून जास्त माणसं तपासणीला आली होती, हेही सांगायला हवं. तपासण्या झाल्या, काही आठवड्यांनी पुन्हा झाल्या. कोणालाही काही झालेलं नव्हतं. त्याने मॅडमचं काही भलं झालं असेल असं वाटत असेल तर तुम्ही माणसं ओळखत नाही. अर्धे म्हणाले, काही झालंच नव्हतं तर बाईने कशाला आम्हाला रस्त्यावर आणलं? उरलेले म्हणाले, नक्की काहीतरी झालंय, लपवतायत. गल्लीतल्या पोरांना शाळेत वेगळ्या बाकावर बसवलं गेलं, त्याचा रागही मॅडमवरच निघाला. संस्थेने त्यांच्यावर घबराट पसरवल्याचा ठपका ठेवला आणि त्यांना राजीनामा द्यायला लावलं. माझी मुदत संपल्यावर मला पुन्हा कोणी बोलावलं नाही.

ओळखपत्र परत करायला मी गेलो होतो. मागच्या इमारतीच्या दारात आता एक चकचकीत फलक आहे. मॅडम गेल्यापासून एकही चूक नोंदलेली नाही असं त्यावर अभिमानाने लिहिलंय. शेगडी होती तिथे झेरॉक्स मशीन आलंय. निलेश भेटला. इकडेतिकडे बघून म्हणाला, "काका, आता मोजे फाटतच नाहीत." आणि कसनुसं हसून आत गेला. मी तो फलक पुन्हा वाचला. मला त्या इमारतीची भीती वाटली ती त्या दिवशी, आधी कधीच नाही.

मॅडमना बारडोलीला एका छोट्या लॅबमध्ये काम मिळालं. साखर तपासायची, हिमोग्लोबिन तपासायचं. सामान टेम्पोतून पुढे गेलं आणि मी त्यांना बसस्टँडवर सोडायला निघालो. वाटेत त्यांनी रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबवली. त्या दिवसापासून त्या रविवारी मावशींकडे गेल्या नव्हत्या. "नुसतं सांगून येते," म्हणाल्या.

मी रिक्षातच बसून राहिलो. मावशींचं दार लोटलेलं होतं. मॅडम ओट्याखाली, रस्त्यातच उभ्या राहिल्या आणि हाक मारली. बराच वेळ कोणी आलं नाही. मग दार थोडं उघडलं. मावशींनी त्यांना पाहिलं. आत या म्हणाल्या नाहीत. आतून नातवाचा आवाज येत होता. दार पुन्हा लोटलं गेलं, आणि मला वाटलं, संपलं.

काही वेळाने मावशी बाहेर आल्या. हातात चहा होता. त्यांनी तो ओट्याच्या कडेला ठेवला आणि दोन पावलं मागे सरून दारात उभ्या राहिल्या. मला लांबूनही दिसलं, तो स्टीलचा पेला नव्हता. टपरीवर मिळतो तसला कागदी कप होता, एकदा पिऊन टाकून द्यायचा.

मॅडमनाही ते दिसलंच असणार. त्या पुढे झाल्या, कप उचलला आणि उभ्या उभ्या चहा प्यायल्या, घाई न करता, शेवटच्या घोटापर्यंत. मावशी दारात पदर तोंडाला लावून रडत होत्या. पिऊन झाल्यावर कप ठेवायला मावशींनी ओट्याकडे बोट दाखवलं. मॅडमनी मान हलवली. कप तिथे राहिला असता तर घरातल्या कोणालातरी तो उचलावा लागला असता. त्यांनी तो चपटा केला, रुमालात गुंडाळला आणि पर्समध्ये ठेवला.

रिक्षात येऊन बसल्या तेव्हा पुदिन्याचा वास येत होता. मी विचारलं, "काय म्हणाल्या मावशी?"

"काही नाही," मॅडम म्हणाल्या. "चहा दिला."

बारडोलीची बस लागलेलीच होती. त्या मागच्या दाराने चढल्या, खिडकीशी बसल्या. बस हलली तेव्हा मी हात केला, पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. पर्स मांडीवर घेऊन, तिच्यावर दोन्ही हात ठेवून त्या बसल्या होत्या.